चुलीवरचा मोजा

तारीख अठ्ठावीस नोव्हेंबर, साल एकोणीसशे त्र्याऐंशी. रक्कम तीस रुपयांवर निघाली आणि पंचवीसवर ठरली. हजर तिघी: तुम्ही, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आणि मी.

आत्याबाई, आपल्या शेवटच्या कामाचं मला पक्कं सांगता येईल ते एवढंच. काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला पोचती केली, आणि आता मला एका जागी बसवत नाही. उठते, बाशिंगाच्या भेंडाची पेटी उघडते, काही न काढता बंद करते. ज्या गोष्टीवरून आपण सासू-सून इतकी वर्षं भांडलो, ती तुमच्या माघारी मी एकटीने उरकली. बरोबर केलं की नाही हे ज्यांना विचारायचं त्या तुम्हीच. म्हणून तुम्हालाच सांगते.

त्या दिवशी सिस्टरबाई दुपारची ड्यूटी संपवून आल्या. पिशवीतून नेहमीसारखी टॉवेलात गुंडाळलेली ती लाकडी चूल काढून तुमच्यासमोर ठेवली. त्यांच्या क्वार्टरमध्ये टेबलावर बाहुलीचं घर आहे, त्याच्या बैठकीतली ही चूल, साहेबांच्या घरात शेकायला भिंतीत असते तशी. दीड वीत उंच, आत काळा रंग, वर एक फळी आणि फळीला बारीक खिळे. नाताळ आला की ती आपल्याकडे सजायला यायची. या वर्षी मात्र ती ठेवून त्या खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "आजी, मेरी बदली आ गई. नाताळ के बाद सत्तावीस को निकलना है."

तुम्ही चाकू चालवत होतात तो थांबला. "कुठं?"

"बहुत दूर. चंद्रपूर के आगे."

"मंग ही चूल कोण सजवीन तुले तिथं?"

"कोई नहीं. इसीलिए बोलती हूँ, इस साल एकच मोजा लगा दो. पंचवीस हमेशा के, और पाँच उसके अलग से."

तुम्ही चाकू खाली ठेवलात. बदलीचं दुःख तुमच्या तोंडावर मी पाहिलं होतं, पण पाच रुपये ऐकून ते गेलं आणि राग आला. "पाच कायचे वं? मी पैशासाठी नाही म्हणून राहिली का नऊ वर्षं? पंचवीस दे. मोजा नाही."

बोलणं तिथे संपलं. सिस्टरबाई हसल्या, उठल्या, तुमच्या पाया पडल्या आणि गेल्या. मी आत चहा ठेवला होता तो तसाच उकळत राहिला.

तुम्ही गेल्यापासून मी हे पहिल्यापासून पुन्हा पुन्हा लावून बघते आहे. सुरुवात झाली ती तुमच्या हातून. आपल्या घरात लग्नसराईत बाशिंगं व्हायची आणि तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांचा साज. बोटभर बैलाची झूल, मण्याएवढी घंटा, शिंगाला बेगड. एवढं बारीक काम आंधळगावात दुसरीकडे होत नव्हतं. कोणीतरी सिस्टरबाईंना सांगितलं आणि त्या ती चूल घेऊन आल्या. नव्याच आल्या होत्या गावात. रायपूरकडच्या, एकट्या, मराठी अर्धी आणि हिंदी अर्धी. एक जुनं नाताळचं कार्ड दाखवून म्हणाल्या, हे सगळं इतकं इतकं लहान करून द्या.

तुम्ही कार्ड लांब धरून पाहिलं. "हे गोल काय होय?"

"दरवाजे पे लगाते हैं. हिरव्या पत्त्यांचं."

"चुंबळ होय ही. डोक्यावर पाण्याचा गुंड ठेवाची." मग झाडाकडे बोट. "अन् हे तणसाचं ढिगलं?"

तणस म्हणजे धानाचा पेंढा हे सिस्टरबाईंना कळलं नव्हतं, पण त्या हो म्हणाल्या. फळीवरचा कापूस म्हणजे बर्फ, हे त्यांनी समजावलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "कापूस नोको. चुलीजवळ कापूस? एक ठिणगी पुरे." त्यांनी सांगितलं, या चुलीत आग नसते. तुम्ही म्हणालात, "आज नाही. चुलीचं काही सांगता येते?"

त्या चूल ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आपली चूल सारवायला बसलात, हात शेणामातीचे होतेच, आणि बाजूला ती लहान चूल होती. कोरी चूल सजवायची कशी? तुम्ही तिलाही पांढऱ्या मातीचा हात फिरवलात, कडेने गेरूची रेघ ओढलीत आणि हळदकुंकवाची बोटं लावलीत. मी पाणी भरून आले तोवर ती ओट्यावर वाळत होती.

तिच्यावर लाल विटा रंगवलेल्या होत्या, आत्याबाई. एक एक वीट ब्रशाने काढलेली. तुम्हाला त्या विटा म्हणजे उघडी पडलेली भिंत वाटली.

सिस्टरबाई आल्या, चुलीकडे पाहिलं आणि खाली बसल्या. मला वाटलं आता रडतात. मग म्हणाल्या, "मॅडम की ईंटें थीं." मी म्हटलं, धुऊन देते, माती आहे, निघेल. तुम्हाला तर काय बिघडलं हेच कळत नव्हतं. "कायले धुते? सारवली चूल धुवाची नसते." शेवटी सिस्टरबाईंनीच मला थांबवलं. चूल मांडीवर घेतली, गेरूच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "रहने दो. अच्छी लगती है." तेव्हापासून दर वर्षी तुम्ही जुना पोपडा काढून तिला नवा हात देत होतात, आणि दर वर्षी त्या हे बघायला मुद्दाम बसत.

त्याच दिवशी मोज्यांची गोष्ट निघाली. सिस्टरबाई एका बोर्डिंगमध्ये वाढल्या. आईबाप नव्हते. तिथल्या परदेशी मॅडमकडे हे बाहुलीचं घर होतं. नाताळात त्या चुलीच्या फळीला अकरा पोरींचे अकरा मोजे टांगलेले असत, अंगठ्याएवढे, आणि सकाळी प्रत्येकात एक एक गोळी सापडे. मॅडम मायदेशी गेल्या तेव्हा जिचा मोजा तिला दिला आणि घर रोझलिनला, म्हणजे सिस्टरबाईंना. तो मोजा त्यांच्याकडून पुढे कुठेतरी हरवला.

"रात को धुरांड्यातून एक बुढ्ढा उतरता है, वो भरता है," त्या म्हणाल्या.

"धुरांड्यातून माणूस? चोर होय का?"

"चोर ले जाता है आजी, ये तो रख के जाता है."

तुम्हाला गोष्ट आवडली होती. मला दिसत होतं. पण मोजे लावायची वेळ आली तेव्हा तुम्ही सरळ सांगितलंत, पायातलं चुलीवर नाही. सगळं करीन, ते नाही.

आणि मी सिस्टरबाईंच्या बाजूने बोलले. आसगावच्या शेतकऱ्याघरची मी, सून होऊन आले तेव्हा भेंड हे झाड आहे की दगड हे मला ठाऊक नव्हतं. बोडीच्या पाण्यातल्या गाळातून आणलेली ती पांढरी काडी सोलून कागदासारखी लांब पट्टी कशी काढायची, चिंचोक्याची खळ किती शिजवायची, हे तुम्ही शिकवलंत. घरात माझ्या कामाला नावं ठेवायच्या: "हे पान होय का कान?" आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायच्या, "हे सुमनचं काम. मले नाही जमत एवढं बारीक." बाहेर मान आणि आत बोलणी, हा तुमचा हिशेब मी मान्य केला होता. पण मोज्याच्या बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही.

मी म्हणायचे, ती चूल नाही. तिच्यावर कोणी भात टाकत नाही. तुम्ही सारवली म्हणून ती चूल झाली.

"सारवली म्हणून नाही. होती म्हणून सारवली."

"बरं, चूल तर चूल. मोजा तर कोरा आहे. कोणाच्या पायात गेलेला नाही. बाहुलीच्याही नाही."

"जाण्यासाठीच केलेला हाये ना?"

वाद दर वर्षी इथेच थांबायचा. सिस्टरबाईंची मागणी मात्र खाली येत गेली. पहिल्या वर्षी अकरा मोजे. मग पाच. मग तीन, म्हणजे त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी. तुम्ही एक वर्ष मोज्यांऐवजी बटवे करून दिलेत, नाडीसकट. एक वर्ष धानाच्या लोंब्यांचं तोरण, वीतभर लांब, प्रत्येक लोंबीला भेंडाचे दाणे. त्यांनी ते सगळं आनंदाने नेलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा मागितला. तुम्ही म्हणालात, "एक लावला का अकरा लावले, पाय तो पायच." हसायच्या दोघी. मला वाटायचं तुम्हाला दोघींनाही हा वाद हवा आहे. तसं असेलही. पण अठ्ठावीस तारखेला त्या हसल्या ते हसणं वेगळं होतं, आणि तुम्ही ते पाहिलंत की नाही, हे मला माहीत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही चुंबळ केलीत, झाड केलंत, बेगडाचा तारा केलात. तुमचा खोकला वाढला तेव्हा सिस्टरबाई रोज येऊन सुई देत होत्या. मोज्याचं नाव त्यांनी काढलं नाही. सतरा तारखेला सकाळी तुम्ही गेलात. त्याचं इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

मेणबत्त्या राहिल्या होत्या, तोरण राहिलं होतं, चूल सारवायची राहिली होती. आणि घरात सुतक. दहावा सव्वीसला, नाताळ पंचवीसला, सत्तावीसला सिस्टरबाई जाणार. मी तारखा कितीही वेळा मांडल्या तरी त्या बसत नव्हत्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत आपल्या घरची चूल थंड होती. शेजारून जेवण यायचं. सिस्टरबाईंनीही डबा आणला, ओट्यावर ठेवला, माझ्याजवळ बसल्या. आतल्या कोनाड्यात त्यांची चूल आणि तिचा अर्धवट साज दिसत होता. त्यांनी तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. जाताना म्हणाल्या, "वो रहने दो, भाभी. ऐसे ही ले जाऊंगी." त्या मागत्या तर मी सुतक पुढे करून नाही म्हणू शकले असते. त्यांनी मागितलंच नाही म्हणून मला स्वस्थ बसवेना.

मी ह्यांना म्हटलं, सिस्टरबाईंचं काम पुरं करून देते.

"सुतकात कायचं तोरण करते? लोकं काय म्हणतीन?"

"तोरण आपल्या दाराला नाही. त्यांच्या चुलीला आहे. त्यांना कायचं सुतक?"

"हात तं तुयाच आहे ना."

हे तुमच्यावरच गेले आहेत. उत्तर देता येणार नाही असं बोलतात.

त्या दुपारी चूल पेटवायची म्हणून मी जागा साफ करायला घेतली. वरच्या बांबूला तुम्ही बांधलेली बियाण्याची पुरचुंडी लोंबत होती, काकडीच्या बियांची. दर वर्षी तुम्हीच भरायच्या आणि तुम्हीच काढायच्या. धुराने बियांना कीड लागत नाही म्हणून ती कायम चुलीवर. काजळीने इतकी काळी झालेली की कापड कुठलं ते कळू नये. ह्यांनी ती खाली काढली, झटकली, आणि हातात धरून उभे राहिले.

"हा तं माया मोजा होय."

मी म्हटलं, कुठला?

"तुमसरच्या शाळेतला. आठवीतला. हे बघ, टाचेले रफू. एकच जोड होता. एक हरवला म्हणून मास्तरनं पायावर मारलं होतं मले, अन् ही माय त्यात काकडीचं बी भरून बसली."

आणि ते हसायला लागले. डोकं भादरलेलं, तीन दिवसांत नीट जेवलेले नाहीत, हातात तो काळा मोजा, आणि हसता हसता खाली बसले. मग हसणं थांबलं आणि दुसरं सुरू झालं. मी पाणी दिलं.

आत्याबाई, मी वाद जिंकले होते. इतकी वर्षं आपल्याच चुलीवर, रोज भात शिजतो त्या चुलीवर, पायातला मोजा लोंबत होता. तोही घातलेला. तो तुमच्या समोर धरायचा, दोन्ही हातांनी धरायचा, आणि म्हणायचं, हे काय होय? तुमचं तोंड बघायचं. मी तो मोजा घेऊन खरंच तुमच्या बाजेपर्यंत गेले. बाज उचलून ठेवलेली होती.

तुम्हाला ठाऊक होतं का? ठाऊक असून नऊ वर्षं नाही म्हणत होतात की पहिल्यांदा बी भरलं त्याच दिवशी विसरून गेलात? मला दोन्ही खरं वाटतं. आणि तुम्ही काय म्हणाल्या असत्या तेही मला ऐकू येतं: "त्यात बी हाये. बी भरलं का मंग तो मोजा कुठं राह्यते?" इतकं सरळ म्हणाल्या असत्या की मीच खोटी पडले असते. पण हे मी तुमच्या तोंडी घातलेलं आहे. तुम्ही म्हणालेला नाहीत. जे तुम्ही बोललात ते एवढंच, की मोजा नाही.

ह्यांनी बियाणं होतं तसं बांधून पुन्हा वर टांगलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कर मंग. दार लावून कर."

मी दार लावलं नाही. ओसरीत बसून केलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं. दोघीतिघी थांबून बघून गेल्या. पुढे गेल्यावर बोलल्या असतील. पांढरी माती भिजवली आणि सिस्टरबाईंच्या चुलीचा जुना पोपडा काढला. खाली एका कोपऱ्यात लाल वीट दिसली, मॅडमची. तेवढी एक वीट मी उघडी ठेवली आणि बाकी सारवून घेतलं. गेरूची रेघ तुमच्यासारखी सरळ आली नाही. हळदकुंकू लावलं नाही, सुतक तेवढं पाळलं. तोरण ओवलं. भेंडाच्या मेणबत्त्यांना ज्योत म्हणून गुंजा लावल्या, लाल बाजू वर करून.

मग मोजा. बैलाच्या झुलीतून उरलेलं लाल कापड होतं. पाऊल आधी फार मोठं झालं, उसवलं. दुसऱ्यांदा टाच जमली. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, हा मोजा होय का वांगं. त्यात चिन्नोर धानाचे दाणे भरले, मावतील तेवढे, आणि तोंड दोऱ्याने बांधून डावीकडच्या खिळ्याला अडकवला. मी लांब सरून पाहिलं. मग काढला. मग पुन्हा लावला. दोन दिवस हेच चाललं होतं. लावला की तुमचं नाही ऐकू यायचं, काढला की सिस्टरबाईंचं ते हसणं दिसायचं. शेवटी मी तो लावला, कारण तुमची नाराजी मला सोसायची सवय आहे आणि ती घेऊन मी याच घरात राहणार आहे. त्या सत्तावीसला जाणार होत्या.

चोवीस तारखेला दुपारी सिस्टरबाई आल्या. मी चूल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आधी ती उघडी वीट पाहिली, तिला नख लावून पाहिलं. मग मोजा दिसला. त्यांनी तो खिळ्यावरून काढला नाही, नुसता दोन बोटांत धरून चाचपला.

"इसमें क्या है?"

"धान."

त्यांनी कापडावरूनच दाणे बोटांत फिरवले. मी त्यांना आपल्या चुलीवरचा मोजा दाखवला, त्याची सगळी हकीकत सांगितली. तेव्हा त्या हसल्या, पहिल्यासारख्या. डोळे पुसले, पुन्हा हसल्या. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते.

"आजी मान गई थीं क्या, आखिर में?"

हो म्हटलं असतं तर त्या सुखाने गेल्या असत्या. तुमचं नाव घेऊन, ते दाणे घेऊन. ह्यांनीही माझ्याकडे असं पाहिलं की म्हणून टाक. पण ज्यातला एक शब्दही तुम्ही माझ्यापाशी बोलला नाहीत, ते मी तुमच्या नावावर कसं चढवू? जिवंत होतात तोवर तुमचं नाही हे कोणी हो करू शकलं नाही. आता तुम्ही उलट बोलू शकत नाही म्हणून ते करायचं, हे मला जमणार नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. मानल्या नव्हत्या. मोजा मी लावला."

सिस्टरबाईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असं मला दिसलं नाही. त्या चूल टॉवेलात गुंडाळू लागल्या, मोज्याची बाजू वर येईल अशी. म्हणाल्या, "आजी मान जातीं, तो मेरे को थोड़ा सूना लगता."

मग त्यांनी पदराची गाठ सोडून तीस रुपये काढले आणि माझ्यासमोर ठेवले. दहाच्या दोन नोटा, पाचाच्या दोन. मी पंचवीस उचलले. ते तुमच्या-माझ्या कामाचे, ठरलेले. उरलेली पाचाची नोट घडी करून सिस्टरबाईंच्या हातात परत ठेवली. मोज्याचं काम तुम्ही घेतलेलं नव्हतं.